निवड आणि पवित्र त्रैक्य : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गिरगाव-भायखळ्यापासून वसईपर्यंतच्या मराठी ख्रिस्ती वाचकांकडून निवडीच्या शिकवणीबद्दल सतत प्रश्न येतात. काही बायबल अभ्यासानंतर चिठ्ठीवर लिहून दिलेले असतात, बरेचसे रात्री उशिरा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले. शब्द वेगळे असले तरी त्यांच्यामागची धास्ती बहुधा एकच असते: देवाने आपल्याबद्दल आधीच काय ठरवून ठेवलंय कोण जाणे! ही धास्ती वाढते, कारण निवडीचा विचार करताना आपण त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) बाजूला ठेवतो, असं माझं ठाम मत आहे. म्हणून इथली सगळी उत्तरं पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांना एकत्र धरून दिली आहेत. एकाच मुद्द्याची दोनदा उजळणी होऊ नये म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. निवड म्हणजे नेमकं काय? अगदी साध्या शब्दांत सांगा.

देवाने स्वतःच्या कृपेने, माणसाची लायकी न मोजता, आपल्यासाठी लोक निवडले, ही ती शिकवण. जुन्या करारात तो अब्राहामाला बोलावतो, पुढे इस्राएलाला आपली प्रजा करतो, आणि मोशे त्यांना बजावतो की तुम्ही संख्येने मोठे होता म्हणून हे झालं नाही, उलट तुम्ही सर्वांत थोडे होता. परमेश्वराची तुमच्यावर प्रीती होती, एवढंच कारण (अनुवाद ७:७-८). नव्या करारात हीच निवड ख्रिस्ताच्या ठायी यहूदी आणि परराष्ट्रीय (यहूदी नसलेले) दोघांनाही मिळते. तिचा हेतूही दिलेला आहे: आपण पवित्र व्हावं, दत्तक पुत्र व्हावं आणि देवाच्या पुत्राच्या प्रतिमेशी आपलं रूप जुळावं (इफिस १:४-५, रोम ८:२९).

२. निवडीत त्रैक्य आहे असं बायबल कुठे म्हणतं? की ही नंतरच्या पंडितांची जुळवाजुळव?

तीन ठिकाणं तर लगेच दाखवता येतात. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या आरंभीच, दुसऱ्या वचनात, पित्याचं पूर्वज्ञान, आत्म्याकडून होणारं पवित्रीकरण आणि येशू ख्रिस्ताच्या रक्ताचं सिंचन, तिन्ही एका दमात येतात, आणि तेही ‘निवडलेल्या’ लोकांना उद्देशून. थेस्सलनीकाकरांस दुसऱ्या पत्रात (२:१३-१४) प्रभूची प्रीती, देवाची निवड आणि आत्म्याचं पवित्रीकरण यांची अशीच गुंफण आहे. तिसरं आणि सगळ्यांत भरलेलं ठिकाण म्हणजे इफिसकरांस पत्र १:३-१४. मूळ ग्रीकमध्ये ही बारा वचनं मिळून एकच लांबलचक वाक्य आहे.

वर्गात हा उतारा आला की मी तीन रंगांच्या पेन्सिली वाटतो: पित्यासाठी निळी, पुत्रासाठी लाल, आत्म्यासाठी हिरवी. बायबलचा कागद पातळ, दाबून रेघ मारली की मागच्या पानावर उमटते, तरी वाटतो. सुरुवातीलाच पंचाईत होते. देवाने आपल्याला निवडलं, इथे सगळे निळी रेघ मारतात. पण त्याच वचनात ‘ख्रिस्ताच्या ठायी’ आहे, मग तिथे लाल. दत्तक घेण्याचा बेत पित्याचा, तोही येशू ख्रिस्ताच्या द्वारे. कृपा पित्याची, पण ती मिळते त्या प्रियकराच्या, म्हणजे प्रिय पुत्राच्या, ठायी. ‘त्याच्या ठायी’ अशा अर्थाचे शब्द या उताऱ्यात दहा-अकरा वेळा येतात, त्यामुळे निळ्या रंगाला एकट्याने अशी जागा जवळपास उरतच नाही. तेराव्या वचनात हिरवा रंग ठळकपणे येतो, तोही ख्रिस्ताच्या ठायी मारलेला शिक्का म्हणून. देवाच्या गौरवाच्या स्तुतीचं पालुपद तीनदा ऐकू येतं (वचन ६, १२, १४). पौलाने इथे सिद्धांत मांडलेला नाही. तो स्तुती करतोय, आणि ती करताना त्याच्या तोंडून त्रैक्य आपसूक येतं. पंडित तीनशे वर्षांनी आले.

३. म्हणजे पिता निवडतो, पुत्र तारतो, आत्मा पवित्र करतो, अशी कामांची वाटणी आहे का?

असं बोलायला हरकत नाही, पायऱ्या लक्षात राहतात. पण वाटणी मानली की घोटाळा होतो. हिप्पोचा बिशप ऑगस्टीन (३५४-४३०) याने मांडलेला नियम पूर्व-पश्चिमेच्या मंडळ्यांनी जपला आहे: पिता, पुत्र आणि आत्मा अविभक्त आहेत, म्हणून जगात त्यांचं कार्यही अविभक्त असतं. एखादं काम आपण एका व्यक्तीच्या नावे सांगतो, ते त्या व्यक्तीला शोभतं म्हणून. बाकीचे दोघे त्या वेळी हात बांधून बसलेले नसतात.

शास्त्रातच पाहा. निवड पित्याच्या नावे सांगितली जाते, तरी वरच्या माडीवर येशू शिष्यांना म्हणतो की तुम्ही मला निवडलं नाही, मी तुम्हाला निवडलं (योहान १५:१६). अंत्युखियात बर्णबा आणि शौल (म्हणजेच पौल) यांना आपल्यासाठी वेगळं करा, असं पवित्र आत्मा सांगतो (कृत्ये १३:२). कृपादानं वाटणाराही तोच, आपल्या इच्छेप्रमाणे (१ करिंथ १२:११). इच्छा तिघांची एकच आहे. पित्याकडून, पुत्राच्या द्वारे, आत्म्यामध्ये, असा तिचा ओघ असतो.

४. मला पिता कठोर वाटतो आणि येशू प्रेमळ. पित्याने यादी केली आणि येशूने रदबदली करून काहींना वाचवलं, असंच ना?

नाही. या पानावरचं एकच उत्तर वाचायला वेळ असेल तर हे वाचा.

हे चित्र आपल्याकडे खोल रुजलेलं आहे. गुड फ्रायडेला वधस्तंभावरच्या सात उद्गारांच्या उपासनेत कधी कधी प्रवचनकार भावनेच्या भरात असं बोलून जातात की पित्याचा हात उगारलेला होता आणि पुत्राने मध्ये येऊन तो धरला. ऐकणारी आजी डोळे पुसते आणि घरी जाते ती पित्याला घाबरतच. पण योहान ३:१६ पुन्हा वाचा. जगावर प्रीती कोणी केली? पुत्र कोणी दिला? आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला, आणि त्यातून देव स्वतःची प्रीती दाखवतो (रोम ५:८). म्हणजे पित्याचं प्रेम हे वधस्तंभाचं मूळ आहे. वधस्तंभामुळे ते त्याच्या मनात नव्याने निर्माण झालं, असं नाही. पाप आणि देवाचा क्रोध या गोष्टी खऱ्याच आहेत, त्यांना मी हलकं करत नाही. मात्र पापाचा न्याय करण्यात पुत्र पित्यासोबत आहे, आणि पाप्याला वाचवण्यात पिता पुत्रासोबत आहे.

फिलिप्प म्हणाला, आम्हाला पिता दाखव. येशूचं उत्तर होतं की ज्याने मला पाहिलं त्याने पित्याला पाहिलं (योहान १४:९). आता हे निवडीला लावा. कुष्ठरोग्याला हात लावणारा, जक्कयाला झाडावरून खाली बोलावणारा, पेत्राने नाकारल्यावर वळून त्याच्याकडे पाहणारा जो येशू आहे, त्याच्याच मनाने तुमची निवड झाली. त्याच्या पाठीमागे निराळ्या मनाचा दुसरा देव नाही. स्वित्झर्लंडचा धर्मशास्त्रज्ञ कार्ल बार्थ १९४२ साली निवडीवर सविस्तर लिहिताना याच मुद्द्यावर अडून बसला: येशू ख्रिस्त हाच निवडणारा देव आणि हाच निवडलेला माणूस. बार्थचे पुढचे सगळे निष्कर्ष मला पटत नाहीत, पण ही पकड सोडू नये.

५. येशू स्वतः ‘निवडलेला’ कसा? देवाला कोणी निवडतं का?

यशया ४२:१ मध्ये परमेश्वर आपल्या सेवकाला ‘माझा निवडलेला’ म्हणतो, आणि रूपांतराच्या डोंगरावर मेघातून तसाच आवाज येतो (लूक ९:३५). पेत्रही सांगतो की तो जग स्थापण्यापूर्वीच नेमलेला होता (१ पेत्र १:२०). यातून ‘मग पुत्र निर्माण केलेला आहे’ असा अर्थ काढणं चूक. एरियसची ती वाट मंडळीने इसवी सन ३२५ मध्ये निकाया इथे बंद केली. पुत्र हा पुत्र म्हणून निवडला गेलेला नाही, तो अनादी काळापासून पुत्रच आहे. देव आणि माणूस यांच्यामधला मध्यस्थ म्हणून, देह धारण केलेला म्हणून, तो निवडलेला आहे. तो स्वभावतः पुत्र आहे, आपण त्याच्यात दत्तक. म्हणून आपली निवड ही त्याच्या निवडीत सामावलेली आहे, शेजारी ठेवलेली दुसरी निवड नाही.

६. पिता आणि पुत्र यांच्यात अनादी काळी ‘करार’ झाला होता, असं एका प्रवचनात ऐकलं. हे बायबलमध्ये आहे?

या नावाने नाही. १७व्या शतकात कॉकेयससारख्या सुधारणावादी पंडितांनी ही मांडणी घडवली. आधार म्हणून पित्याने पुत्राला दिलेल्या लोकांचा उल्लेख (योहान ६:३७-३९, १७:६) आणि तशी वचनं ते घेतात. हेतू चांगला आहे: तारण हा ऐन वेळी सुचलेला उपाय नाही. पण दोन धोके आहेत. करार म्हटला की दोन पक्ष आणि दोन इच्छा आल्या, आणि प्रश्न ३ मधला पाया हलतो. शिवाय पवित्र आत्म्याला बैठकीबाहेर बसवल्यासारखं होतं. ही भाषा वापरायची असेल तर जपून वापरावी.

७. पवित्र आत्म्याचं काम शेवटी येतं म्हणजे ते दुय्यम का?

आपल्या अनुभवात तर ते पहिलं येतं. जग स्थापण्यापूर्वीची निवड आपल्याला दिसत नाही, वधस्तंभ दोन हजार वर्षांमागे आहे. आपल्या काळजाला हात घालतो तो आत्मा. पौल थेस्सलनीकाच्या लोकांना म्हणतो की तुमची निवड झाली हे आम्हाला ठाऊक आहे, कारण सुवार्ता तुमच्याकडे नुसत्या शब्दांनी आली नाही, सामर्थ्याने आणि पवित्र आत्म्याने आली (१ थेस्स. १:४-५). निवडीची खूण त्याला आत्म्याच्या कामात सापडली.

इफिस १:१४ मध्ये तो आत्म्याला आपल्या वतनाचा ‘विसार’ म्हणतो. मुंबईत घराचा व्यवहार केलेल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. विसाराची रक्कम म्हणजे वेगळी बक्षिसी नसते, ती पूर्ण किमतीचाच पहिला भाग असते आणि व्यवहार पुरा करणारच, असा शब्द तिच्यात असतो. देवाने विसार म्हणून पैसा किंवा चमत्कार दिला नाही, स्वतःला दिलं. आत्मा देव नसता तर या वचनाला काही वजनच उरलं नसतं.

८. आमचे पाळकसाहेब एक सांगतात, मेथडिस्ट चर्चमधली मावशी दुसरं, आणि वसईचे फादर तिसरं. खरं कोणाचं?

तिघेही मान्य करतात ते आधी पाहू: तारणाचा आरंभ देवाच्या कृपेने होतो, माणसाच्या पुढाकाराने होत नाही. पश्चिमेकडच्या मंडळीने हे इसवी सन ५२९ मध्ये ऑरेंजच्या परिषदेत नोंदवून ठेवलं. वाद पुढचा आहे: ती कृपा माणूस नाकारू शकतो का, आणि देवाने निवडताना माणसाचा विश्वास आधी पाहिला का?

धर्मसुधारक कॅल्विन याच्या परंपरेने नेदरलँड्समधल्या डॉर्टच्या सभेत (१६१८-१९) म्हटलं की निवड बिनशर्त आहे, विश्वास हे तिचं फळ आहे. डच पंडित आर्मिनियस याच्या अनुयायांनी १६१० मध्येच उलट बाजू मांडली होती, आणि १८व्या शतकात जॉन वेस्लीने ती मेथडिस्ट चळवळीत नेली: देव प्रत्येकाला आधी कृपा देऊन उत्तर द्यायला मोकळं करतो, आणि ख्रिस्तावर विश्वास ठेवणारे हे निवडलेले. कॅथलिक मंडळीत थॉमसवादी (थॉमस अक्वायनसचे अनुयायी) आणि मोलिनावादी (लुईस दे मोलिनाचे अनुयायी) यांचा कृपेबद्दलचा वाद पोप पाचवा पॉल याने १६०७ मध्ये निकाल न देता थांबवला, म्हणून तिथे आजही दोन्ही मतांना जागा आहे.

आपल्या शहरात हे सगळे प्रवाह एकाच गल्लीत भेटतात. अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आले ते काँग्रिगेशनल परंपरा घेऊन. १८२९ मध्ये आलेले जॉन विल्सन, ज्यांच्या नावाचं कॉलेज चौपाटीसमोर आहे, ते स्कॉटिश प्रेस्बिटेरियन. अँग्लिकन मंडळी त्याआधीपासून होतीच. १९७० मध्ये उत्तर भारतीय मंडळी स्थापन झाली तेव्हा या परंपरा एका छताखाली आल्या. त्यामुळे एकाच बाकावर बसणाऱ्या दोन घराण्यांत निवडीबद्दल दोन मतं सापडली तर कोणी विश्वासातून ढळलं असं समजू नका.

माझा कल डॉर्टकडे आहे, हे लपवत नाही. पण वेस्लीच्या बाजूने बोलणाऱ्या मावशींचा एक आग्रह मी मनापासून मान्य करतो: ज्या मांडणीमुळे पिता येशूपेक्षा कमी दयाळू दिसतो, ती मांडणी कुठेतरी बिघडलेली आहे (प्रश्न ४).

९. हे म्हणजे सटवाईने कपाळावर लिहिलं तसंच झालं की!

हा प्रश्न नव्याने विश्वासात आलेल्यांच्या घरून फार येतो, आणि रास्त आहे. कपाळावरचा लेख लिहिणारी सटवाई त्या बाळावर प्रेम करते, त्याच्यासाठी काही सोसते, असं कोणी म्हणत नाही. लेख लिहिला की तिचं काम संपलं. निवडणारा देव मात्र स्वतः देह धरून आपल्या निवडीची किंमत भरतो आणि आत्म्याने आपल्यात वस्ती करतो. शिवाय नशिबापुढे माणूस गप्प बसतो. निवडलेल्या माणसाला आत्मा ‘अब्बा, बापा’ अशी हाक मारायला लावतो (रोम ८:१५). पूर्वकर्माशीही निवडीचा संबंध नाही: याकोब-एसाव जन्मलेही नव्हते, त्यांनी बरंवाईट काही केलंही नव्हतं (रोम ९:११).

१०. सगळं ठरलेलं आहे तर सुवार्ता सांगायची कशाला?

करिंथ हे दोन बंदरांचं, व्यापाराचं, नाना प्रकारच्या लोकांनी गजबजलेलं शहर. तिथे पौल घाबरला होता. रात्री प्रभूने त्याला सांगितलं की भिऊ नको, बोलत राहा, या नगरात माझे पुष्कळ लोक आहेत (कृत्ये १८:९-१०). त्यांनी अजून विश्वास ठेवलेला नव्हता, तरी ते ‘माझे’. हे ऐकून पौलाने सामान आवरलं नाही, तो दीड वर्ष तिथे शिकवत राहिला. लोकलच्या डब्यात शेजारी बसलेला माणूस प्रभूचा आहे की नाही हे आपल्याला ठाऊक नाही, म्हणून त्याच्याशी बोलायचं.

११. मी निवडलेला आहे की नाही, हे मला कसं कळणार?

देवाच्या अनादी ठरावात डोकावून कळणार नाही, आणि तसा प्रयत्न करूही नका. कॅल्विनचा सल्ला इथे सोन्यासारखा आहे, आणि त्याचा धाक बाळगणाऱ्यांना तो बहुधा माहीतच नसतो: ख्रिस्त हा आपल्या निवडीचा आरसा आहे, तिथेच पाहा. तुम्हाला ख्रिस्त हवा आहे का? त्याच्याकडे येताय का? जो माझ्याकडे येतो त्याला मी मुळीच घालवणार नाही, असा त्याचा शब्द आहे (योहान ६:३७). तुमचा बाप्तिस्मा पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने झाला. प्रभुभोजनात भाकर तुमच्या हातावर ठेवली जाते. ही देवाची बाजू. तुमच्या बाजूने आत्म्याची साक्ष (रोम ८:१६) आणि पेत्राने सांगितलेला प्रयत्न, आपलं पाचारण व निवड दृढ करण्याचा (२ पेत्र १:१०).

कॅथलिक वाचकांसाठी: ट्रेंटच्या परिषदेने १५४७ मध्ये सांगितलं की विशेष प्रकटीकरणावाचून आपण निवडलेले आहोतच असा पक्का दावा कोणी करू नये, मात्र दृढ आशा धरायला तिथेही सांगितलेलं आहे.

आणि ज्यांना रात्री ही काळजी झोपू देत नाही त्यांच्यासाठी: ज्याचं देवाशी काहीच देणंघेणं नाही त्याला ही काळजी सहसा लागत नाही. एकट्याने कुढू नका, पाळकांशी बोला. आणि झोप, भूक उडालीच असेल तर डॉक्टरांनाही दाखवा.

१२. आमचं बाळ बाप्तिस्म्याआधीच गेलं. त्याचं काय?

हा प्रश्न विचारणाऱ्यांपुढे तर्क मांडत बसू नये. डॉर्टच्या सभेनेच, जिला लोक कठोर म्हणतात, विश्वासी आईवडिलांना सांगितलं की लहानपणी देवाने बोलावून घेतलेल्या तुमच्या लेकरांच्या निवडीबद्दल आणि तारणाबद्दल शंका धरू नका. कॅथलिक मंडळी अशा बाळांना देवाच्या दयेवर सोपवते आणि येशूने लेकरांना जवळ घेतलं होतं याची आठवण देते. बाळ ‘विश्वास ठेवतो’ असं म्हणू शकलं नाही, पण आत्मा आईच्या उदरातल्या योहानापर्यंतही पोहोचला होता (लूक १:१५).

१३. माझे आईवडील ख्रिस्ती नव्हते. ते निवडलेले नव्हते असं मी मानायचं का?

कोण निवडलेलं नाही, याची यादी देवाने कोणालाही दिलेली नाही, म्हणून तसा निवाडा करायचा अधिकार तुम्हाला नाही आणि मलाही नाही. तारण ख्रिस्तातच आहे, हे मी सोडणार नाही. आत्मा कोणाच्या शेवटच्या घटकेत काय करतो, हे मात्र मला दिसत नाही. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेने १९६५ मध्ये म्हटलं की देवालाच ठाऊक असलेल्या रीतीने पवित्र आत्मा सर्वांना ख्रिस्ताच्या मरण-पुनरुत्थानात सहभागी होण्याची संधी देतो. प्रोटेस्टंट मंडळ्या इतकं ठामपणे बोलत नाहीत. सर्व जगाचा न्यायाधीश योग्य तेच करणार नाही काय, हा अब्राहामाचा प्रश्न (उत्पत्ती १८:२५) दोघांनाही धरून राहता येतो.

१४. येशूला धरून देणाऱ्या यहूदालाही येशूनेच निवडलं होतं. मग?

बारा जणांत, सेवेसाठी निवडलं होतं (योहान ६:७०). पण योहान १३:१८ मध्ये येशू स्वतःच वेगळेपण दाखवतो: मी कोणाला निवडलंय ते मला ठाऊक आहे. पदासाठीची निवड आणि तारणासाठीची निवड एकच नाहीत. शौल राजाही अभिषिक्त होता. मंडळीत पद असलेल्यांनी हे लक्षात ठेवावं.

१५. इस्राएलाची निवड आता रद्द झाली का?

नाही. देवाची कृपादानं आणि पाचारण अपरिवर्तनीय आहेत (रोम ११:२९). परराष्ट्रीयांना इस्राएलाच्याच झाडावर कलम केलंय, जुनं झाड उपटून दुसरं लावलेलं नाही.

१६. आमच्या ओळखीचे एक जण म्हणतात, त्रैक्य वगैरे काही नाही, येशू हाच एकटा पिता-पुत्र-आत्मा. त्याने निवडीत काय फरक पडतो?

फार मोठा. योहान १७:२४ मध्ये येशू प्रार्थना करतो की जगाच्या स्थापनेपूर्वी तू माझ्यावर प्रीती केलीस. देव एकटाच असेल तर तेव्हा कोण कोणावर प्रीती करत होतं? मग प्रेम करण्यासाठी देवाला जगाची गरज होती असं म्हणावं लागेल, आणि निवड ही त्याची गरज ठरेल. त्रैक्यात प्रेम आधीच भरून वाहत होतं. देवाला आपली उणीव भासत नव्हती, तरी त्याने आपल्याला त्या प्रेमात घेतलं. तिथे दोन वचनं आणखी वाचा: जी प्रीती पित्याने पुत्रावर केली तीच आपल्यात असावी, असं येशू मागतो (१७:२६).

१७. दृढीकरणाच्या (कन्फर्मेशनच्या) वर्गात मुलांना हा विषय शिकवावा का? सुरुवात कुठून करावी?

शिकवावा. नाही शिकवला तर मुलं तो यूट्यूबवर शिकतात, आणि तिथे सुरुवात बहुधा रोमकरांस पत्राच्या नवव्या अध्यायापासून, भांडणातूनच होते. तो अध्याय नंतर घ्या, दहावा आणि अकरावा जोडून घ्या, एकटा कधीच घेऊ नका. आधी योहानाचा सतरावा अध्याय मोठ्याने वाचा, मग इफिस १, पेन्सिलींसकट. वेस्टमिन्स्टरच्या विश्वासकबुलीनेही १७व्या शतकात बजावलं होतं की हे गूढ विशेष शहाणपणाने आणि काळजीने हाताळावं. एका तासात उरकू नका. निदान तीन रविवार ठेवा, आणि तिसरा पूर्ण मुलांच्या प्रश्नांसाठी.